एकेचाळीस नंबरचा बिल्ला

टिण्...

भर दुपार. सगळी आळी धानकापणीला गेलेली. त्या सामसुमीत दाराच्या खिळ्यावर पितळी बिल्ला टांगल्याचा आवाज झाला.

यात माझ्या पदरचं एक अक्षर नाही. माझ्या रुखमामावशीच्या घरात घडलेली गोष्ट आहे. गाव नाकाडोंगरी, साल १९७९. मावशी आजही ही सांगायला लागली की आधी दाराकडे बघून घेते.

तर, आवाज आला आणि रुखमाला वाटलं, तेजराम आला. तेजराम म्हणजे तिचा नवरा. सकाळी तो मॅंगनीजच्या खाणीत पाण्याच्या पंपावर अर्धी पाळी करायचा. एकच्या सुमाराला सायकलवर घरी. बिल्ला खिळ्याला टांगायचा, जेवायचा, आणि ड्रॉइंग बोर्डावर जो वाकायचा तो दिवेलागणीपर्यंत. नोकरी करत करत, घरी अभ्यास करून इंजिनीअरिंगच्या परीक्षा देत होता. शेवटचे दोन पेपर उरले होते.

तिने ताट वाढलं.

"हात धुवा जी, भात निवून राहिला."

आत कोणी आलं नाही.

ती बाहेर आली. अंगणात सायकल नव्हती. खिळा रिकामा होता...

आणि ओला.

खिळ्यावरून काळं पाणी भिंतीवर ओघळत होतं.

चार वर्षांची चंदा पाटावर बसून भात खात होती. तिने दाराकडे पाहिलं. मग काही न बोलता बाजूला सरकली आणि अर्धा पाट रिकामा करून दिला.

जणू कोणी बसायला आलं होतं...

अर्ध्या तासाने तेजराम आला. बिल्ला टांगला.

टिण्...

अगदी तोच आवाज.

त्या बिल्ल्याचं असं होतं. खाणीत प्रत्येकाला नंबरचा पितळी बिल्ला. तो कमरेला बांधूनच खाली उतरायचं. वर फळ्यावर त्याच नंबरची पाटी. उतरताना तिची लाल बाजू पुढे करायची, वर आलं की पांढरी. फळा पाहिला की कळायचं, कोण खाली आहे.

तेजराम कामाला लागला तेव्हा हाजरीबाबू हिरालाल हसला होता.

"अर्धी पाळी, अर्धा पगार, आनि नंबर मात्र पुरा पाहिजे का रे तुले? एकच नंबर रिकामा हाये. एकेचाळीस. कोनी घेत नाही."

कोणी घेत नव्हतं, कारण तो सेवकरामचा नंबर. तीन वर्षांपूर्वी सेवकराम पंप बघायला उतरला आणि वरचा दगड कोसळला. ना माणूस सापडला, ना बिल्ला. शेवटी हिरालालनेच त्याची पाटी पांढरी केली होती.

"नंबराले का भूत लागते? द्या," तेजराम म्हणाला.

त्याला ते काम हवंच होतं. थोरला भाऊ धनीराम म्हणत होता, सावकाराकडून घे, मोकळा शीक. पण तेजरामने आईच्या पायांवर हात ठेवून सांगितलं होतं, कोणाचं उसनं न घेता इंजिनीअर होईन.

हिरालालने नवा बिल्ला ठोकून दिला. एकेचाळीस.

त्या दुपारी रुखमाकडून ओल्या खिळ्याचं ऐकून तेजरामचा घास हातातच राहिला.

"तुले सांगितलं नाही मी... दोन महिन्यांपासून मी खाली जातो तं पंप आधीच चालू असते. पानी उपसलेलं असते. मले कामच राहत नाही. मी कंदिलाजवळ बसून पुस्तक वाचतो."

"आधीच्या पाळीवाले करत असतीन."

"ते तं बंद करून जातेत."

"मंग कोन चालू करते?"

त्याने घास ताटात परत ठेवला.

"तुमी इचारलं काहून नाही?"

"इचारलं असतं, आनि बंद झालं असतं तं? तेवढाच येळ भेटते मले अभ्यासाले, रुखमा."

रुखमा म्हणाली, "कोनाचं उसनं घेत नाही म्हन्ता... मंग हे काय हाये?"

त्याने ताट सरकवलं.

पेपरासाठी तो आपला बिल्ला पेटीत ठेवून नागपूरला गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी हिरालाल धापा टाकत दारात.

"वहिनी, तेजराम कोठी हाये? सकाळपासून फळ्यावर एकेचाळीस लाल हाये!"

"ते तं काल्लेच नागपूरले गेले जी. आज पेपर हाये त्यांचा."

"अवं, मंग खाली कोन गेलं..."

टिण्...

दोघांनीही ऐकलं.

आत्तापर्यंत रिकाम्या असलेल्या खिळ्यावर बिल्ला हलत होता. हिरवा पडलेला. मधून वाकलेला. त्यातून पाणी टपकत होतं.

हिरालालने पदरात घ्यावा तसा तो धोतराच्या सोग्यात घेतला, पुसला, आणि उजेडात धरून नंबर वाचला.

"हा मी ठोकला तो नोहे वं. हा जुना हाये..."

नंतर कळलं. फळ्याजवळच्या माणसांदेखत, त्याच सुमाराला, एकेचाळीसची पाटी कोणी हात न लावता पांढरी झाली होती.

तेजराम परतल्यावर तो बिल्ला घेऊन सेवकरामच्या आईकडे, बायाबाईकडे गेला. म्हातारीने हातही लावला नाही.

"मले माहा पोऱ्या पाहिजे, बाबू. बिल्ला कायले?"

बिल्ला घरीच परत आला.

उन्हाळ्यात निकाल लागला. तेजराम पास! खाणीची नोकरी सोडली, तुमसरला इंजिनीअरची नोकरी धरून बिऱ्हाड केलं. रुखमाने नव्या घराच्या दारातला एकूण एक खिळा उपटून टाकला. जुना बिल्ला फडक्यात बांधून देवामागे ठेवला. पहिल्या पगाराचे पेढे खायला माणसं जमली, तेव्हा तेजराम ताठ मानेने म्हणाला, "कोनाचा एक पैसा देनं न लागता इंजिनीअर झालो."

सगळे हसले. धनीरामने भावाची पाठ थोपटली.

दुपारचा एक वाजत आला होता.

चंदा रुखमाच्या मांडीवर होती. पेढा अर्धा खाल्लेला, अर्धा मुठीत जपून ठेवलेला. दाराकडे बघत तिने हळूच विचारलं,

"माय... आपल्याले कोनाचंच देनं नाही, तं तो ओला मामा रोज काय मांगाले येते?"