एका नंबरावरचे तेरा आणि अकरा

माझ्या खुर्चीत एक अनोळखी माणूस बसला होता, आणि वर मलाच विचारत होता, "कोण पाहिजे?"

"खुर्ची," मी म्हटलं.

तो हसला. उठला मात्र नाही…

२००४चा जानेवारी होता. मिरकरवाड्याच्या बंदरावर सुलेमानचाचांचं जाळी, दोर आणि इंजिनाच्या सुट्या भागांचं दुकान. मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली. दुकानाची वेबसाइट मीच बनवली होती. चाचांना आता तिच्यावर एक फोरम हवा होता. बोटवाल्यांनी तिथे जमावं, इंजिनाच्या कटकटी मांडाव्यात, एकमेकांना उपाय सांगावेत. त्यासाठी कोणतं सॉफ्टवेअर घ्यायचं ते शोधायला त्यांनी मला सांगितलं होतं. आणि मला न सांगता जुनेदलाही! जुनेद म्हणजे हा खुर्चीतला. मस्कतला दोन वर्षं कॉम्प्युटरचं काम करून परत आलेला.

"दोघांनी दोन लावून बघा ना," चाचा म्हणाले. "तीन आठवडे. ज्याच्यावर माणसं जास्त येतील, तो फोरम राहील. साइटपण त्यानेच सांभाळायची."

माझी साइट! मी एवढी चिडले, की चहासुद्धा घेतला नाही.

मी सहा सॉफ्टवेअर तपासली, चौदा निकषांचा तक्ता केला आणि एक निवडलं. त्यात विषयवार विभाग होते, शोधायची सोय होती. ई-मेल दिल्याशिवाय, त्यावर आलेली लिंक दाबल्याशिवाय कुणालाही आत येता येत नव्हतं. जुनेदने निवडलेलं म्हणजे एक लांबलचक पान. नाव टाका, लिहायला लागा.

"शोधायची सोयसुद्धा नाही यात?" मी विचारलं.

"शोधायला आधी कुणी काही लिहायला नको?"

"आणि खोटी माणसं घुसली तर?"

"तुम्ही आहात ना पकडायला," तो म्हणाला, आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला.

तीन आठवडे आम्ही एका टेबलाच्या दोन बाजूंना बसलो. मध्ये नायलॉनच्या दोराचा कोरा वास, बाहेरून डिझेलचा धूर. माझा तक्ता त्याने पूर्ण वाचला, नवव्या निकषातली चूकही दाखवली. चूक खरीच होती… त्यामुळे आणखी राग आला. तो हसला की मी पडद्याकडे बघायची. पडद्यावर काय असायचं, कुणास ठाऊक.

एकविसाव्या दिवशी, गुरुवारी, माझ्याकडे तीन सभासद होते. त्याच्याकडे सत्तावीस.

मी त्याच्या फोरमची नोंदवही उघडली. इंटरनेटला जोडलं की प्रत्येक जोडणीला एक नंबर मिळतो. नऊ तारखेचे तेराही जण एकाच नंबरावरून आलेले. सोळा तारखेचे अकराही एकाच. सगळे दुपारी तीन ते पाचमध्ये. एकाचंही माणसाचं नाव नाही, नुसती बोटींची!

मी कागद छापला आणि भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर चाचांपुढे आपटला. "ही माणसं नाहीत. एकाच माणसाने एका जागी बसून ही चोवीस नावं भरलीत. खोटारडेपणा आहे हा!"

जुनेदच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्याने कागद नीट वाचला.

"उद्या तीन वाजता बंदराजवळच्या सायबर कॅफेत या," एवढंच म्हणाला. आवाज अगदी हळू होता.

शुक्रवारी मी गेले ती त्याला माफी मागायला लावायचीच असं ठरवून. दारात पाऊल टाकलं आणि थांबले. एकाच जोडणीवरच्या चार कॉम्प्युटरभोवती वीसेक माणसं, डोक्यावर अजून नमाजाच्या टोप्या. फुजैल तांडेल एका बोटाने अक्षरं शोधत होते. तांडेल म्हणजे बोटीचा कप्तान. चाळीस वर्षं समुद्रावर गेलेली.

"ये बेटा," ते म्हणाले. "शुक्रवारी आपल्या बोटी जात नाहीत ना बाहेर. तेवढीच सवड."

"पण नाव… बोटीचं का टाकता?"

"वायरलेसवर काय, फुजैल म्हणून हाक मारतात? बोटीचंच नाव घेतात. ई-मेल की काय ते तुझ्या फोरमात मागतात, ते आणू कुठून?"

मी मिरकरवाड्यात वाढले. शुक्रवारी बंदर बोटींनी भरतं, हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत. तारखा बघितल्या, वार बघितला नाही.

मी तशीच दुकानात गेले. जुनेद मागून आला. आदल्या दिवशी जेवढ्या मोठ्याने ओरडले होते, तेवढ्याच मोठ्याने म्हणाले, "चाचा, माणसं खरी आहेत. खोटं मी बोलले. त्याचाच फोरम ठेवा. साइट त्याची."

आणि बाहेर पडले. तो धावत आला.

"रुबिना! आता राग कुणावर?"

"तुमच्यावर! काल तोंड का उघडलं नाही? एका वाक्यात संपलं असतं!"

"तेवढ्या लोकांत तू हरलेली… बघवलं नसतं मला."

"मी हरायचं की नाही, हे ठरवणारे तुम्ही कोण?"

"कुणी नाही," तो म्हणाला. "अजून."

मी थबकले. माशांच्या लिलावाला बसलेल्या बायका टोपल्या सोडून आमच्याकडे बघायला लागल्या.

"आई म्हणतेय, येत्या रविवारी तुमच्या घरी…"

"आईला मध्ये कशाला आणता? आधी मला विचारायचं असतं!"

"विचारतोय," जुनेद म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

"हो!" मी ओरडले. आवाज खाली आणायचं त्या रागात राहूनच गेलं.