एका भांड्याचं जेवण

“अहो, सोडा त्याला... मनगट मोडेल त्याचं,” वहिनी कळवळून म्हणाली, पण पावाच्या भट्टीत जन्मभर लांब दांड्याचं फावडं चालवलेला नवऱ्याचा हात, तो असा सहजासहजी कुठला सुटायला? कालवणाची वाटी उपडी झाली होती, भात ताटाबाहेर सांडला होता, आणि धाकटा दीर भिंतीला पाठ टेकून वाऱ्यातल्या पानासारखा थरथरत होता.

“भरदुपारी ढोसून येतोस आणि वर माझ्या शेजारी जेवायला बसतोस?” तिचा नवरा कडाडला. “धड चालता येईना, बोलता येईना. घड्याळं दुरुस्त करणारा म्हणे... स्वतःचेच काटे निखळलेत.”

“दादा... नाही रे घेतली,” धाकट्याची जीभ जड झाली होती. “वहिनीला... विचार.”

“तिला काय विचारू? तिनंच पदराखाली घालून तुला डोक्यावर बसवलंय.”

धाकट्या टिक्याच्या तोंडाला दारूचा वास नव्हता, हे वहिनीला ठाऊक होतं. पण तिच्या मनात दुसरंच भय दबा धरून बसलं होतं... याने गोळ्या सोडल्या तर नसतील?

टिक्या हे दादानंच ठेवलेलं नाव. पोरगा कळत्या वयाचा होण्याआधीच घरातलं प्रत्येक घड्याळ उघडून बसायचा, म्हणून. वहिनी या घरात लग्न होऊन आली तेव्हा सासू अंथरुणाला खिळलेली होती. जाताना तिने या पोराचा हात सुनेच्या हातात दिला आणि एवढंच म्हणाली, “याचं ताट कधी वेगळं मांडू नकोस. या घरात भांडं एक, जेवण एक.” वहिनीने तो शब्द काळजावर कोरून घेतला. पुढे स्वतःची कूस उजवली नाही, तरी तिने कधी देवाकडे तक्रार केली नाही; हा होता ना.

आणि मग ऐन तारुण्यात त्याला तो आजार जडला. कधी दिवसेंदिवस झोप नाही, डोळ्यांत वेडी चमक, सगळ्या गावाची घड्याळं एका ठोक्यावर आणीन म्हणून रस्त्यारस्त्यांतून धावणं. तर कधी भिंतीकडे तोंड करून पडणं, मरणाची भाषा. एकदा तर पुलाच्या कठड्यावरून दादानेच त्याला खाली ओढलं होतं. मग लिथियमच्या गोळ्या सुरू झाल्या आणि पोर माणसांत आलं. त्याने छोटंसं दुकान टाकलं, डोळ्याला भिंग लावून तासन्‌तास बसू लागला. अधूनमधून रक्त तपासून घ्या, असं डॉक्टर बजावत. पण सगळं सुरळीत चाललंय म्हटल्यावर यावेळची तपासणी आज-उद्यावर गेली होती.

त्या दुपारी दादा ताडताड पाय आपटत निघून गेला. वहिनीने दिराला खाली बसवलं, गोळी त्याच्या तळहातावर ठेवली.

“वहिनी, आज नको गं. पोटात ढवळतंय. हात बघ कसे नाचतायत.”

“गोळी चुकवलीस म्हणूनच नाचतायत. खरं सांग, टाकून देतोस ना?”

“तुझ्या गळ्याची शपथ, नाही.”

“मग घे माझ्यासमोर. आणि तोंड उघडून दाखव.”

त्याने तिच्याकडे पाहिलं... लहानपणी कडू काढ्याची वाटी पुढे केली की पाहायचा, अगदी तसंच. मग निमूटपणे गोळी गिळली आणि तोंड उघडून दाखवलं. तिच्यावर विश्वास ठेवण्याची त्याला सवयच होती. रोज सकाळ-संध्याकाळ ती अशीच त्याच्यासमोर उभी राहू लागली, आणि तो दिवसागणिक ढासळत गेला.

शेवटी शेजारचा शिंपी धापा टाकत आला. टिक्या दुकानात कोसळला होता; डोळे पांढरे झाले होते, अंगाला झटके येत होते, आणि जमिनीवर भोवताली पसरली होती घड्याळांची बारीक बारीक चाकं.

इस्पितळात रक्त तपासलं गेलं. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या त्या कपाळाला आठ्या घेऊनच.

“दारूचा थेंबही नाही अंगात,” त्या म्हणाल्या. दादाने मान खाली घातली. “पण लिथियम फार चढलंय. जास्त गोळ्या घेत होता का?”

“नाही हो. मीच देते, ठरल्या तेवढ्याच.”

“जुलाब, उलट्या? दुसरं काही औषध? खाण्यात काही बदल?”

“खाण्यात...” वहिनी अडखळली. “अलीकडेच यांना भट्टीपाशी चक्कर आली होती. रक्तदाब निघाला. मीठ तोडायला सांगितलं डॉक्टरांनी. म्हणून मी...”

“यांचं जेवण वेगळं करत होतात?”

“नाही. आमच्या घरात भांडं एकच. सगळ्यांचंच अळणी केलं. मिठाची बरणीसुद्धा उचलून पिठाच्या डब्यामागे ठेवली.”

डॉक्टरीणबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, “अंगातलं मीठ एकदम कमी झालं की शरीर लिथियम बाहेर टाकत नाही, साठवून ठेवतं. गोळी तेवढीच असली तरी तिचं विष होतं. कुणीतरी सांगायला हवं होतं तुम्हाला.”

वहिनीला रोजची ती गोळी आठवली. ज्या हाताने भरवून वाढवलं, त्याच हाताने... आणि वर समोर उभं राहून, तोंड उघडायला लावून!

“मीच मारलं हो त्याला,” ती पुटपुटली. “जेवणाबद्दल कधी तक्रार केली नाही त्याने. एकदा मीच म्हटलं, तुझ्यापुरतं चिमूटभर मीठ घे वरून. तर म्हणाला, दादाला एकट्याला अळणी गिळायला लावून मी चवीनं खाऊ? राहू दे, चालेल मला.”

नवऱ्याने तिच्याकडे वळून पाहिलं. “असं म्हणाला तो?”

“म्हणाला.”

भट्टीच्या धगीने रापलेला तो चेहरा बघता बघता चुरगळला. “माझ्यासाठी अळणी खात होता, आणि मी त्याला भरल्या ताटावरून ओढला...” त्याने तिचा हात आपल्या हातात घेतला. “दोष एकट्याने घेऊ नकोस. तू आईचा शब्द पाळलास. डोळे मिटून बसलो तो मी.”

यंत्रावर टिक्याचं रक्त शुद्ध केलं गेलं. तो जगला... पण सगळा परत आला नाही. गोळी बदलली, मन ताळ्यावर राहिलं, परंतु हातांचा कंप गेला नाही आणि जाईल असं कुणी सांगेना. भिंगामागचा तो नाजूक चिमटा आता त्याच्या बोटांत ठरत नव्हता. दुकानाची फळी लागली ती लागलीच.

तो घरी आला त्या दिवशी वहिनीने चुलीवर दोन भांडी चढवली. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा. दुसरं भांडं ठेवताना तिचा हात थबकला. सासूबाई, माफ करा, असं ती मनातल्या मनात म्हणाली. मिठाची बरणी पिठाच्या डब्यामागून काढून तिने पुन्हा जागेवर ठेवली.

ताटं मांडली. टिक्याने चमचा उचलला, पण तोंडापर्यंत जाईतो अर्धं कालवण सदऱ्यावर सांडलं.

“बघितलंस ना वहिनी,” तो बोबड्या जिभेने म्हणत हसला, “सदरा माझ्याआधी जेवतो.”

वहिनी पुढे होणार, तोच दादाने आपलं ताट बाजूला सारलं आणि भावाचं मनगट धरलं. त्या दुपारी धरलं होतं, तेच. टिक्या नकळत दचकला. ते दचकणं दादाला दिसलं. त्याने पकड सैल केली, अगदी सैल, आणि चमचा हळूहळू भावाच्या तोंडापर्यंत नेला.

“मीठ बरोबर आहे का रे?” त्याने विचारलं. “मला काही कळायचं नाही. माझं भांडं वेगळं आहे.”

टिक्याने घास गिळला.

“बरोबर आहे, दादा,” तो म्हणाला. “तू जेव. थंड होतंय तुझं.”

पण दादाने मनगट सोडलं नाही. वहिनी पळी हातात धरून तशीच उभी राहिली.