आईच्या खांद्यावरचा हात

ठमीनं लिफाफ्यातून फोटो बाहेर काढला... फोटोत आई होती, आईच्या कडेवर चार वर्षांची ती स्वतः होती, आणि शेजारी उभे असलेले बाबा चक्क गोरे झाले होते!

आपल्या फोटो स्टुडिओच्या काउंटरपलीकडे बाबा कॅमेऱ्याची काच पुसत होते. ती मघाशीच पुसून झाली होती. "चांगला आलाय ना, ठमे?" मान वर न करता त्यांनी विचारलं. "तुझ्या कॉलेजच्या भिंतीवर शोभेल."

दुसऱ्या दिवशी कॉलेजात प्रदर्शन होतं. आपलं घर आणि आपलं शहर यांवर प्रत्येकानं निबंध लिहायचा आणि शेजारी घरच्यांचा फोटो लावायचा. तिचा निबंध सरांनी वर्गात वाचून दाखवला होता. सात पानांत तिनं शहराच्या गल्ल्यागल्ल्यांचा समाचार घेतला होता, माणसांच्या रंगावरून वस्त्या कशा पडल्या यावर तावातावानं लिहिलं होतं. पण बंदर बांधायला ज्या काळ्या मजुरांना बोटी भरभरून आणलं, त्यांत आपले पणजोबा होते, एवढी एक ओळ मात्र तिच्या लेखणीतून उतरली नव्हती. दुसऱ्याच्या घरचं सांगावं तसं तिनं सगळं सांगितलं होतं.

आई पलीकडच्या, गोऱ्या वस्तीतली. लग्न केलं त्या दिवशी तिला माहेरचं दार बंद झालं, आणि ठमी नऊ वर्षांची असताना आई गेली तेव्हाही ते उघडलं नाही. ठमीनं रंग उचलला तो सगळा आईचा. लहानपणी ती बाबांबरोबर बसनं जायची, तेव्हा बस कितीही भरलेली असली तरी बाबांच्या शेजारची जागा रिकामी राहायची आणि ती तिथं ऐसपैस बसायची. आपल्याला रोज जागा मिळते, आपलं नशीबच थोर, असं तिला वाटायचं. खरं कारण कळलं त्या वर्षापासून ती बाबांच्या मागच्या बाकावर बसू लागली. बाबांनी कधी विचारलं नाही.

आणि हा माणूस असा, की ज्याच्या दुकानावर तीस वर्षं पाटी होती: 'चेहरा आहे तसाच मिळेल.' लग्नाच्या मुलींचे आईबाप यायचे, जरा उजळ करून द्या म्हणायचे. बाबा शांतपणे सांगायचे, "पुटकुळी चार दिवसांची पाहुणी, ती काढून देतो. रंग घरचा आहे, त्याला मी हात लावत नाही." गिऱ्हाईक तरातरा समोरच्या स्टुडिओत जायचं. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणारा माणूस म्हणून सगळी गल्ली त्यांना हसायची.

"बाबा, हे तुम्ही का केलंत?" तिचा आवाज तिलाच ओळखू येईना.

"कोणी विचारलं तर तुला खोटं बोलावं लागू नये म्हणून."

तिला वाटलं, जमीन दुभंगावी... सहा महिन्यांपूर्वी बाबा तिचा विसरलेला कोट द्यायला होस्टेलच्या दाराशी आले होते. खोलीतल्या मैत्रिणीनं विचारलं, हा कोण? आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "आमच्या स्टुडिओत काम करतो." बाबा दोन पावलांवर उभे होते. त्यांनी टोपी काढली, "ताईंचं सामान द्यायला आलो होतो," म्हणाले आणि पाठमोरे झाले. त्या दिवसापासून त्यांनी त्यावर अवाक्षर काढलं नव्हतं, आणि त्या न काढलेल्या अक्षरानं तिला एक घास सुखानं गिळू दिला नव्हता.

"मी तुम्हाला नोकर केलं, बाबा..." ती हुंदके देऊ लागली. "कुठल्या तोंडानं क्षमा मागू?"

"नोकर म्हणालीस, मेलो तर नाही ना म्हणालीस?" बाबा हसायला गेले, पण ते जमलं नाही. "तेव्हा तुझा चेहरा बघितला मी. जन्म गेला चेहरे बघण्यात. फार त्रास झाला गं तुला."

तिनं डोळे पुसून पुन्हा फोटो पाहिला. बाबांचं कपाळ, गाल, मान, सगळं उजळ होतं. आईच्या खांद्यावर ठेवलेला हात मात्र काळाच राहिला होता. असली चूक बाबांच्या हातून कशी होईल?

"हा राहिला," ती म्हणाली.

"निगेटिव्हवर तिथं नाही पेन्सिल चालली." बाबांनी पुसायचं फडकं बाजूला ठेवलं. "तो हात तुझ्या आईनं स्वतः उचलून खांद्यावर ठेवून घेतला होता. तिच्या माहेरासमोरच्या रस्त्यावर उभे होतो आम्ही, आतली माणसं खिडकीतून बघत होती. तिला न विचारता कसा उजळ करू?"

तिनं फोटो काउंटरवर ठेवला. मग ती म्हणाली, "निगेटिव्ह द्या."

बाबांनी निगेटिव्ह खालून दिवा असलेल्या काचेवर ठेवली. तिथं पेन्सिल जितकी फिरवावी तितका छापलेला चेहरा उजळ होतो, हे तिला शाळेपासून ठाऊक होतं. बाबांच्या चेहऱ्यावर बारीक, दाट रेघा होत्या; किती दिवस बसले असतील ते डोळे ताणून!

"पेन्सिलच आहे. टर्पेंटाइननं निघते," बाबा हळूच म्हणाले. "न निघणारा रंग नाही लावला. म्हटलं, पुढेमागे तुला खरा फोटो हवासा वाटला तर..."

त्या एका वाक्यानं तिचं काळीज फाटलं. कापसाचा बोळा भिजवून ती पुसू लागली. आधी कपाळ, मग नाक, मग गाल... डोळे पुन्हापुन्हा भरून येत होते.

"हळू. मोरी नाही ती," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये ती बाबांच्या शेजारी बसली. प्रदर्शनात सात पानांच्या खाली आठवं पान होतं, पणजोबांच्या बोटीचं. त्याच्या शेजारी नव्यानं छापलेला फोटो.

खोलीतली मैत्रीण फोटोसमोर थबकली, मग तिनं वळून बाबांकडे पाहिलं. "अगं, हा तर तुमच्या स्टुडिओतला माणूस ना?"

ठमीनं तोंड उघडण्याआधीच बाबांचा हात टोपीकडे गेला. "हो, ताईंचे फोटो लावून द्यायला आलो होतो..." सवयीनं ते पाऊल मागे घेऊ लागले.

तिनं तो हात धरला आणि उचलून आपल्या खांद्यावर ठेवून घेतला.

"माझे बाबा आहेत हे," ती म्हणाली.

हात मागे सरू लागला. तो निघून जाऊ नये म्हणून तिनं वरून आपला हात दाबून धरला, आणि बराच वेळ ती दोघं तशीच उभी राहिली.