सफरचंद की नासपती?

गांधी बाजारात फळांच्या गाडीसमोर मी डोळे मिटून उभी होते. एका हातात सफरचंद, दुसऱ्यात नासपती. आधी हे नाकाशी धरलं, मग ते. पुन्हा हे... पुन्हा ते. काहीच नाही!

"दोन्ही सारखीच गं बाई..." मी रडवेली होऊन पुटपुटले.

"सारखी कशी? एक गोल आहे, एक बुडाशी सुटलंय."

या कानडी बाजारात कुणीतरी चक्क मराठीत बोललं होतं. मी डोळे उघडले. निळा शर्ट, भुरभुर पावसानं ओले झालेले केस, आणि हसू दाबून धरलेले ओठ.

"मला वास येत नाही," मी सांगून टाकलं. अनोळखी माणसाला का सांगितलं, कोण जाणे! तापातून उठल्यापासून माझं नाक रुसलं होतं. आणि नोकरी तर नाकाचीच. राजाजीनगरच्या एका कारखान्यात सफरचंदाच्या रसात नासपतीचा रस मिसळलाय का, ते मी ओळखायचे. महिनाअखेरीस चाचणी होती. नापास झाले, तर पॅकिंगमध्ये बदली.

त्याच्या ओठांवरचं हसू मावळलं. "डॉक्टर काय म्हणाले?"

"रोज वास घ्यायचा सराव करा म्हणाले. पण एकटीनं कसा करायचा? हातात काय आहे ते मला माहीतच असतं ना!"

"मग मी धरतो फळं. माझं ऑफिस इथेच आहे, मागच्या गल्लीत," तो म्हणाला. थोडा थांबून म्हणाला, "मी गिरीराज. निपाणीचा."

"सुप्रीता. इथलीच. अगदी पणजोबांच्याही आधीपासून."

"तरीच मराठीला असा कन्नड हेल आहे."

"चालत नसेल, तर राहू द्या."

"चालतो की... फार चालतो."

मी पटकन फळांकडे बघितलं. "सरी, चालेल," म्हणाले. "उद्या सहाला, बागेत."

दुसऱ्या दिवसापासून बसवनगुडीच्या बागेतला एक बाक आमचा झाला. गिरीराज माझ्या डोळ्यांवर त्याचा रुमाल बांधायचा, फळ कापायचा आणि फोड नाकाशी धरायचा. नुसत्या वासावरून ओळखायचं, मगच खायचं. दाताखाली कुरकुरीत मोडलं, की सफरचंद. जिभेवर रवाळ विरघळलं, की नासपती. तोवर माझं उत्तर हमखास चुकलेलं असायचं.

फिरायला येणारे आजोबा एकदा थांबून म्हणाले, "स्वल्प नमगू कोडी!" थोडं आम्हालाही द्या म्हणे. गिरीराजनं त्यांना अख्खी नासपती देऊन टाकली.

"आता माझी परीक्षा कशी घेणार?" मी विचारलं.

"आज परीक्षा नाही. आज नुसतं बसू."

बसलो. झाडांवरून पाणी टिपटिप गळत होतं. तो निपाणीच्या गप्पा सांगत होता आणि मी... मी त्याची बोटं बघत होते.

मग एका संध्याकाळी त्यानं रुमाल बांधला आणि माझा श्वासच अडकला. साबणाचा वास! पाठोपाठ ओल्या मातीचा, भाजक्या कणसाचा... त्यानं फोड पुढे केली. मधासारखा, फुलासारखा, गोड मऊ वास. नासपती! ओरडावंसं वाटलं मला. पण रुमालाची गाठ सोडायला त्याची बोटं केसांपाशी आली आणि मनात आलं — आता हे सगळं संपणार...

"सफरचंद," मी म्हणाले.

"चुकलं," तो हळूच म्हणाला. "उद्या पुन्हा बघू."

त्यानंतर मी रोज चुकत गेले. ठरवून. चाचणीत मात्र सगळे पेले बिनचूक ओळखले. त्याच संध्याकाळी धो-धो पावसात तो भिजत आला, "निकाल काय?" म्हणाला. मी म्हणाले, "अजून कळला नाही." आणि घरी जाऊन उशीत तोंड खुपसलं.

दुसऱ्या दिवशी तो आलाच नाही. मी मागच्या गल्लीत गेले. तिथे शिंप्याचं दुकान होतं, पिठाची गिरणी होती. ऑफिस कुठेच नव्हतं. फोन लावला.

"तुमचं ऑफिस कुठंय?"

पलीकडून आधी शिंक आली. मग, "येलहंक्याला. घरही इकडेच. काल भिजलो ना, ताप आलाय जरा."

येलहंका! शहराचं पार दुसरं टोक. म्हणजे हा माणूस रोज एवढं शहर ओलांडून माझ्यासाठी यायचा, आणि मी त्याला खोटंच सांगत होते...

येतेय एवढंच कळवून मी बस पकडली. उतरले तेव्हा तो स्टॉपवर चहाच्या टपरीशी उभा होता. अंगावर शाल, डोक्याला कानटोपी, नाक लालेलाल.

"अहो, एवढ्या लांब कशाला आलात?"

"गिरीराज, मला वास येतो," मी एका दमात म्हणाले. "केव्हाचाच येतोय. चाचणीत पासही झाले. मी तुम्हाला फसवलं."

त्यानं खांद्यावरची शाल सावरली.

"मग रोज चुकीचं का सांगत होतात?"

"बरोबर सांगितलं असतं, तर... दुसऱ्या दिवशी तुम्ही आला नसता."

त्यानं सावकाश कानटोपी काढली. "पुन्हा सांगा. सर्दीनं कानांत दडे बसलेत माझ्या."

"नाही सांगणार."

"खरंच ऐकू आलं नाही हो!"

"मला तुम्ही आवडता!" मी ओरडलेच. टपरीवरची माणसं वळून बघायला लागली. मराठी त्यांना येत नसणार, पण चहावाला मात्र गालात हसला.

गिरीराजचे डोळे चमकले. "सुप्रीता, एवढा प्रवास काय मी फळं कापायला करत होतो?"

तेवढ्यात परतीची बस येऊन थांबली.

"बस आली..." मी म्हणाले. "निघू?"

"जाऊ नकोस."

नकोस! 'तुम्ही' कुठल्या कुठे गेलं होतं. बस निघून गेली, तरी मी तिथेच उभी होते.

"नाही जात," मी म्हणाले. "पण तू आधी ती टोपी घाल."