कड्यावरचा संतरी

"संतरी एकटा ठेवू नोको, बेटा. त्याची बदली खालून येताना दाखव."

मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, हे सांगितलं तेव्हा मी दातकोरणीनं एका बोटाएवढ्या जवानाच्या बुटावर सुरकुत्या पाडत होते. मी "हो हो" म्हटलं आणि काम चालू ठेवलं. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाची आणखी एक सूचना.

आमचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यामुळे उठलं आणि वर माळावर पुन्हा बसलं. रस्ते पट्टीनं आखल्यासारखे, घरं एकसारखी, झाडं अजून माणसाएवढीच. जुन्या गावाकडे जाणारी सडक मात्र कुणी काढली नाही. आमच्या घरामागून ती उताराला लागते आणि सरळ पाण्यात जाते. गुड्डी चालायला लागली तेव्हापासून माझा एक डोळा त्या सडकेवर असतो. गच्चीच्या दाराची कडी मी मुद्दाम वर बसवून घेतली, माझाच हात पोचेल एवढी. पाण्याच्या टाकीवर झाकण, झाकणावर दगड. अंकुश नागपूरला नोकरीला, शनिवारी येतो. तो हसतो. म्हणतो, "प्रतिक्षा, तू पोरगी वाढवून राहिली का जेल चालवून राहिली?"

मामाजींचं नाव केशवराव. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. कंपवातानं हात इतके थरथरायचे की चहा बशीतच जास्त सांडायचा. मी मोबाइलवर लढाईचे देखावे करणाऱ्या लोकांचे व्हिडिओ पाहत होते. अंगठ्याएवढे सैनिक, त्यांच्या बंदुका, चिखल, तारा, सगळं हातानं केलेलं. ते मागून येऊन कधी उभे राहिले कळलंच नाही.

"आपल्या बर्फावरच्या पोस्टचं असं होईन का?" त्यांनी विचारलं. "माझे हात त गेले. पण डोक्यात सारं हाय."

तसं ते सुरू झालं. एप्रिलमध्ये. पुढच्या खोलीत कूलरसमोर टेबल लावलं. थर्माकोलचे तुकडे चिकटवून डोंगर केला, वर प्लास्टरची पट्टी, तिच्यावर फेविकॉल आणि खायच्या सोड्याचं बर्फ. जळलेल्या पाण्याच्या मोटारीतल्या तांब्याच्या तारेचे सांगाडे आणि त्यावर दोन भागांची पुटी. मी केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. केलेलं, त्यामुळे पुटीचं मला कौतुक वाटायचं. दोन्ही भाग एकत्र मळले की क्रिया सुरू होते, गोळा बोटांत कोमट होत जातो आणि मग दगडासारखा कडक.

मामाजी खुर्चीत बसून सांगायचे. हा स्टोव्हवर बर्फ वितळवतो. हा पाय शेकतो. हा रेडिओ कानाला लावून बसला आहे. पहिला जवान केला तेव्हा त्यांनी चष्मा वर-खाली केला आणि म्हणाले, "हा जवान नाही व, तलाठी दिसून राहिला. पोट कमी कर त्याचं." गुड्डी टेबलाखालून ओरडायची, "तलाठी! तलाठी!" तिला शब्दाचा अर्थ ठाऊक नव्हता.

कड्यावर संतरी होता. नाकाडोंगरीचा तुलाराम. त्याचा गोळा मळताना कोमट झालाच नाही. कडक मात्र झाला. पुटी जुनी असेल, म्हणून मी सोडून दिलं.

"हा कायले उभा आहे म्हणून विचार," मामाजी म्हणाले. "याची बदली मी होतो. तो उतरन, मी उभा राहीन, असं ठरलं होतं. मी निघालो. मधीच रस्ता तुटला. मले खालच्यांनी दोर टाकून काढलं."

"आणि ते?"

"संतरी आपल्या मनानं जागा सोडत नाही, बेटा. वर कोणी गेलंच नाही, त तो उतरन कसा?"

कूलरचं पाणी संपलं होतं. नुसती हवा फिरत होती. मी उठून बादली आणायला गेले.

गुड्डीशी त्यांचा एक खेळ असायचा. जेवण झालं की ती पोळ्यांचं बेलणं खांद्याला लावून दारात उभी राहायची. "थम! कौन आता है?" मामाजी म्हणायचे, "तलाठी!" ती त्यांना बेलण्यानं मारायची. मग ते ताठ उभं राहून म्हणायचे, "बदली!" ती बेलणं त्यांच्या हातात द्यायची, सलाम ठोकायची आणि पळून जायची. बदली म्हटल्याशिवाय मात्र ती जागची हलायची नाही, कुणी बोलावलं तरी.

देखावा पूर्ण झाला. खाली तंबू, माणसं, वर जाणारी अरुंद वाट, आणि कड्यावर एकटा संतरी. वाटेवर मी कुणालाच ठेवलं नाही. एकट्या माणसानं चित्राला जो भाव येत होता तो दुसऱ्यानं गेला असता. फोटो टाकला तेव्हा कॉलेजच्या मैत्रिणींनी त्याचंच कौतुक केलं.

"बदली?" मामाजींनी विचारलं.

"एकटाच छान दिसतो, मामाजी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "छान दिसते," ते म्हणाले, आणि नंतर कधी त्याविषयी बोलले नाहीत.

मे महिन्यात ते दुपारी झोपेनासे झाले. टेबलासमोर बसून राहायचे. एके दिवशी मी गुड्डीला झोपवून बाहेर आले तर खुर्ची रिकामी. शेजारच्या सुंदरबाई ओट्यावरून म्हणाल्या, "तुमचा बुडा टोपरं घालून कुठं चालला व? या उन्हात लोकरीचं टोपरं!" मी धावले. पाण्यात जाणाऱ्या त्या सडकेवर ते बसले होते, जिथं डांबर पाण्याखाली जातं तिथून थोडं अलीकडे. फुफाटा अंगावर येत होता. मी त्यांचे हात धरले आणि सोडून दिले. परत धरले. बर्फातून काढल्यासारखे होते. बोटांची टोकं पांढरी.

"मधीच तुटला," ते म्हणाले.

डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं. दुसऱ्या दिवशी ते गेले.

जलदानाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले, अंकुश परत कामावर गेला. मग मी टेबलावरचं कापड काढलं. पुटी मळली. मामाजींचा चेहरा मला पाठ होता, खाली ओघळलेल्या मिशांसकट. त्यांना अर्ध्या वाटेवर ठेवलं, वर पाहत चढताना. पायाखाली टाचणी खुपसली, फेविकॉल लावलं.

सकाळी ते जमिनीवर पडलेले होते, टेबलाखाली. अंगाला सोडा.

परत लावले. टाचणी मोठी घेतली. दुपारी परत खाली.

"गुड्डी, तू हात लावला का?"

"नाही." ती भिंतीवर पेन्सिलनं काही ओढत होती, वळलीही नाही. "तो पडतेच ना मम्मी. तिथं रस्ता नाही."

मी वाट जवळून पाहिली. जिथं ते निसटत होते तिथं प्लास्टरला केसाएवढी चीर गेली होती. थर्माकोल आक्रसतं, उन्हाळ्यात होतं असं. मी चीर भरली. मग संतऱ्याकडे लक्ष गेलं. मी सोडा त्याच्या घोट्यापर्यंत टाकला होता. आता तो गुडघ्यापर्यंत होता.

मी सगळ्यावर कापड टाकलं. गुड्डीला म्हटलं, या खोलीत यायचं नाही.

नवतपा, उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, सुरू झाला. बारा वाजले की गावात माणूस दिसत नाही, कुत्रीसुद्धा नाल्यांत शिरतात. मी गुड्डीजवळ लवंडले होते. डोळा लागला असावा. उठले तर बाजूला ती नव्हती.

आधी पुढच्या खोलीत गेले. कापड जमिनीवर पडलं होतं.

कडा रिकामा होता. बर्फात दोन खोल पाय उमटलेले.

संतरी खाली तंबूत होता. स्टोव्हजवळ. बाकीच्यांच्या मध्ये नीट बसवलेला. मी त्याला उभा घडवला होता, तांब्याची तार सरळ घालून. तो बसला होता.

गच्चीचं दार उघडं होतं. वरची कडी निघालेली.

गुड्डी पाण्याकडे तोंड करून उभी होती. अनवाणी. बेलणं खांद्याला. मी चप्पल घालून होते तरी स्लॅबची धग पायांना लागत होती.

"गुड्डी!"

ती वळली नाही.

"थम," ती म्हणाली. "कौन आता है?"

"मी आहे. मम्मी."

"थम. कौन आता है?"

आवाज तिचाच होता. फक्त त्यात खेळ नव्हता. मी जाऊन तिला उचललं. म्हणजे उचलायला गेले. चार वर्षांची पोरगी, दररोज कडेवर घेते मी तिला. ती हलली नाही. तिची बोटं धरली. थंड होती. नखं जांभळी झालेली.

"काहून उभी आहेस, बाळा?"

"त्याले थंडी वाजत होती." ओठ जेमतेम हलत होते. "मी म्हटलं, बदली. तो गेला."

मी तिचे पाय चोळले. तिला मारलं. हो, मारलं. सुंदरबाईंना हाक मारली, पण त्या उन्हात कोणाचं दार उघडणार?

तिच्या पापण्यांवर काहीतरी पांढरं होतं.

"थम," ती म्हणाली. अगदी हळू. "कौन आता है?"

मी ताठ उभी राहिले.

"बदली," मी म्हटलं.

तिनं बेलणं माझ्या हातात दिलं. सलाम केला. आणि लगेच भोकाड पसरलं. "मम्मी, चटके! पायाले चटके बसून राहिले!" ती उड्या मारत सावलीत पळाली, लाल, घामेजलेली, माझी पोरगी.

माझ्या पायांची धग गेली.

हे मी मोबाइलवर लिहिते आहे, उभ्यानं. अंकुश त्याच संध्याकाळी आला. त्याला वाटतं, मामाजींच्या जाण्याचा धक्का आहे. वर ताट आणतो, चादर आणतो, डॉक्टर आणून झाला. "खाली चल ना आता," म्हणतो आणि रडतो. खालून सुंदरबाई विचारतात, "काय पाहून राहिली व बाई तिकडं?" काय म्हटलं की मी खाली येईन, हे मी अंकुशला सांगितलेलं नाही. सांगितलं तर तो म्हणेल.

गुड्डी आता शहापूरला आहे, नणंदेकडे. तृप्ती नाव तिचं. मी व्हिडिओ कॉल करते. गुड्डी हसते, आंबा खाते. पण फोनवर हात लावता येत नाही. काल तृप्ती सहज म्हणाली, पोरगी दिवसभर दारातच खेळते, आत यायलाच मागत नाही. मी म्हटलं, तिची बोटं बघ. ती म्हणाली, "वहिनी, तुम्ही आधी स्वतःकडे बघा."

शहापूरकडून तुमच्यापैकी कुणी जाणार असेल तर एवढं करा. हायवेला लागून शाळा आहे, तिच्या मागच्या गल्लीत निळ्या फाटकाचं घर. माझ्या पोरीचे हात हातात घेऊन बघा, उन्हात गरम आहेत का. मला कळवा.

दारात ती तुम्हाला विचारेल, कोण येतंय. तुमचं नाव सांगा. नुसतं नाव.