सहावी कपबशी

मिक्सरच्या भांड्याचं पातं बदलून आणायचं, एवढ्याच कामासाठी नरेश त्या शनिवारी दुर्गला गेला होता. दुकानदाराने दोन तास थांबायला सांगितलं. मोहन नगरात सिंधुताई नावाच्या बाई राहतात आणि त्यांच्या घरी रशियन साहेबांच्या काळातला टी-सेट पडून आहे, असं कारखान्यातल्या एका सोबत्याने त्याला सांगून ठेवलं होतं. दोन तास काढायचे म्हणून नरेशचे पाय तिकडे वळले. मिक्सरचं भांडं पुढे पंधरा दिवस दुकानातच राहिलं.

नरेशला जुन्या कपबश्यांचा नाद होता. त्याचे वडील भंडाऱ्याकडून भिलाईत आले तेव्हा कारखाना उभा राहत होता आणि सेक्टरमधल्या बंगल्यांत रशियन इंजिनियर राहत होते. ती माणसं परत जाताना जड सामान इथेच वाटून गेली. कुणाच्या घरी त्यातली किटली उरली, कुणाच्या घरी नुसती साखरदाणी. कोणी रिटायर होऊन क्वार्टर सोडू लागला की नरेश तिथे हजर. एकेक कप उजेडात धरायचा, पलीकडून बोटाची सावली दिसते का ते पाहायचा. मग कप तळहातावर ठेवून काठावर नखाने हलकीच टिचकी मारायचा. सूर लांबला तर कप धड. सूर बसका आला तर कुठेतरी केसाएवढी भेग आहे, असं समजायचं. घरी आल्यावर वहीत तारीख, बुडावरचं चिन्ह, काठाचा रंग, सगळं लिहून ठेवायचा आणि कप काचेच्या कपाटात जायचा. कपाटाला किल्ली होती.

त्याची बायको कांता म्हणायची, "घरात पंचेचाळीस कप, अन् आमी चाय पेतो स्टीलच्या गिलासात. कोनाले सांगितलं तर हासन."

मुलगी अनुजा नोकरीला हैदराबादला गेल्यापासून वैशाली नगरच्या त्या घरात दिवसभर कांता एकटीच असे. नरेश सकाळी आठला जाई, संध्याकाळी सहाला परते. आला की हातपाय धुऊन कपाटासमोर बसे. कांता काही बोलायला लागली तर तो हुं हुं करी. पण लक्ष बुडावरच्या चिन्हांत.

सिंधुताईंनी कपाटावरून खोकं काढलं. नरेशने वर्तमानपत्राची घडी उलगडली आणि पहिला कप उजेडात धरला. पांढरीशुभ्र, पापुद्र्यासारखी पातळ चिनी माती, पोटावर राखाडी-निळ्या पानांची वेल, आतल्या काठाला सोनेरी रेघ. किटली होती, दुधाचं भांडं होतं, साखरदाणी झाकणासकट होती. बश्या पाच. कपही पाच.

सहावा कुठे आहे, असं त्याने विचारलं. सिंधुताई जरा घुटमळल्या. मग म्हणाल्या की हा सेट त्यांच्या सासूबाईंचा, मनकर्णाबाईंचा. त्या तरुणपणी एका रशियन मडमेकडे कामाला होत्या. साहेब दिवसभर प्लांटवर. मडमेला ना इथली भाषा येत, ना कोणी ओळखीचं. म्हणून रोज दुपारी चार वाजता ती मनकर्णाबाईंना हात धरून टेबलाशी बसवायची आणि दोघी समोरासमोर चहा प्यायच्या. जाताना मडम सेट देऊन गेली. पण सवय लागली ती लागलीच. मनकर्णाबाईंनी पुढे जन्मभर एकटीने चहा घेतला नाही. घरात कोणी नसलं तर रस्त्यावरच्या बाईला हाक मारायच्या. त्या गेल्या, आणि तेरवीच्या दिवशी, घरच्या रीतीप्रमाणे, त्यांचा स्वतःचा कप बशीसकट त्यांच्या माहेरच्या बाईच्या ओटीत घातला. ती बाई म्हणजे त्यांची कुम्हारीची भाची, चंदाबाई.

"तेरवीले देल्लं भांडं वापस मांगत नाही, भाऊ," सिंधुताई म्हणाल्या. "हे पाच घेऊन जा. सहाव्याचं नाव नोका काढू."

नरेशने मान हलवली. पण ज्याला असा नाद आहे त्याला विचारा. पाच कपांचा सेट म्हणजे दात पडलेलं तोंड. आठ दिवस तो कपाट उघडून त्या पाच कपांकडे पाहत राहिला, आणि नवव्या दिवशी मोटारसायकल काढून कुम्हारीला गेला.

चंदाबाईंचं घर हायवेपासून आत, मागच्या गल्लीत होतं. मातीचं अंगण, भिंतीत कोनाडा, कोनाड्यात बशीवर पालथा घातलेला कप. त्यावर धूळ नव्हती. नरेशने खोटं सांगितलं. सिंधुताईंनीच पाठवलं म्हणाला, घरची वस्तू घरात जावी अशी त्यांची इच्छा आहे म्हणाला. सत्तरीच्या चंदाबाईंनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग कप उतरवून पदराने पुसला आणि त्याच्या हातात ठेवताना विचारलं, "घरी कोन असते?"

"बायको."

"दुपारी एकलीच राह्यते?"

नरेश हो म्हणाला. चंदाबाईंनी कप सोडला, पण बोटं कपाच्या कानावरून उशिरा निघाली.

त्या संध्याकाळी नरेश इतका खुशीत होता की त्याने कपाटाची किल्ली कांताच्या हातात दिली. "हा पुरा सेट आहे. वापर तू," म्हणाला. कांता हसली. आज सूर्य कुठून निघाला ते बघून येते, असं म्हणाली आणि खरोखर दारापर्यंत जाऊन आली.

पहिले काही दिवस त्याच्या लक्षात आलं ते एवढंच, की कांता टवटवीत दिसते. गुणगुणते. संध्याकाळी तो आला की तिला काही सांगायचं नसतं. मग त्याच्या ध्यानात आलं की तिचं जेवण कमी झालंय. एक पोळी, मग अर्धी. अनुजाचा फोन दुपारी आला की ती उचलत नाही. अनुजाने रात्री बापाला विचारलं, आई रागावली आहे का. आणि तिचे हात. भाजीचं ताट देताना तिची बोटं त्याच्या मनगटाला लागली, तर माठातून काढल्यासारखी गार.

आणि घरात एक वास येऊ लागला. गुड़ाखूचा. तंबाखू आणि गुळाची ती काळी लुगदी, जुन्या बाया दातांना लावतात ती. त्यांच्या घरात कोणीच गुड़ाखू लावत नव्हतं.

एका सोमवारी नरेश अंग कसकसतं म्हणून लवकर निघाला. घरी पोचला तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. ऊन लख्ख होतं. समोरच्या घरी कोणीतरी गादी झोडपत होतं. नरेशने फाटक उघडलं आणि जाळीच्या दारातून त्याला कांताचा आवाज ऐकू आला. हळू, जिव्हाळ्याचा. मधे थांबत होती, जसं माणूस समोरच्याचं ऐकायला थांबतं. मग हसली. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात हसायची तशी.

तो जाळीला नाक लावून उभा राहिला.

टेबलावर किटली होती. कांतासमोर एक कप. पलीकडे, रिकाम्या खुर्चीसमोर, दुसरा. खुर्ची थोडी मागे सरकवलेली. त्या दुसऱ्या कपातून वाफ निघत होती, आणि वाफ सरळ वर जात नव्हती. थोडी वर येऊन कांताच्या दिशेने वाकत होती, कोणीतरी फुंकर घालावी तशी.

नरेशने दार ढकललं. आत गुड़ाखूचा वास दाटला होता. कांताने वळून पाहिलं. दचकली नाही.

"आले का? बसा," म्हणाली. मग तो खुर्चीला हात लावायला गेला तशी हळूच, "नाही... तिथं नोका बसू."

"कोनाशी बोलून राहिली होती?"

"असंच..."

त्याने पलीकडचा कप उचलला. चहा निम्मा झाला होता. काठावर, कांताच्या उलट्या बाजूला, ओठाचा ओला, तपकिरी डाग होता. तो मोरीत गेला, कप धुतला, कोरडा पुसला आणि सवयीने तळहातावर ठेवून टिचकी मारली. आवाज बसका आला. उजेडात फिरवून पाहिलं. भेग नव्हती, चरा नव्हता. पुन्हा मारली. तोच बसका, बुडालेला आवाज. मग त्याला समजलं. भरलेला कप असाच वाजतो. त्याने आत पाहिलं. कप कोरडा होता.

रात्री अंधारात कांता आपणहून बोलली. छताकडे पाहत होती.

"अठ्ठावीस वर्सं झाले लग्नाले. तुमी कधी बसले माह्यासंग चाय प्यायले? ... ती बसते. सगळं इचारते. अनुजाचं, माह्या माईचं. आता म्हनते, रोज मीच येतो, एक बार तू चाल माह्या घरी. मी म्हनलं, गुरुवारी येतो."

नरेशला रात्रभर डोळा लागला नाही. कांता शेजारी शांत झोपली होती, आणि तो तिचा श्वास मोजत पडला होता. त्याला एकच कळत होतं. आज सोमवार, गुरुवार तीन दिवसांवर आहे, आणि हिला आपणच एकटं ठेवलं, म्हणून ही निघाली आहे.

मंगळवारी कारखान्यातून सुट्टी मिळाली नाही. बुधवारी दुपारी त्याने सहावी कपबशी रुमालात गुंडाळली. कांता दारात उभी राहिली. त्याच्या हाताकडे पाहत होती.

"कुठं नेऊन राहिले?"

"जिथली तिथं."

"मंग मी कोनासंग चाय पेऊ?" तिने विचारलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. नरेशने, उद्यापासून रोज चार वाजता मी असेन, सुट्ट्या शिल्लक आहेत, असं सांगितलं. तिने ऐकलं की नाही, कोण जाणे.

कुम्हारीला चंदाबाईंनी रुमाल सोडताच ओळखलं. नरेशने सगळं सांगितलं, खोटं बोललो तेही सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. एकच विचारलं, "दोघीयनं एकाच किटलीतली चाय पेली का?"

"हो."

चंदाबाईंनी कप बशीवर पालथा घातला, कोनाड्यात ठेवला आणि त्याच्याकडे पाठ करून म्हणाल्या, "ठेवला तर आहे, बापू..." त्यांच्याकडे फोन नव्हता. काही लागलं तर शेजाऱ्यांकडून कळवा, म्हणून नरेशने वहीचं पान फाडून आपला नंबर लिहून दिला आणि मोटारसायकलला किक मारली. सबंध रस्ता तो देवाचं नाव घेत होता.

घरी कांता स्वयंपाकघरात होती. पोळ्या लाटत होती. त्याला पाहून हसली. कपाचं काही विचारलं नाही. रात्री तिने चार पोळ्या खाल्ल्या, पाठोपाठ, मान वर न करता. नरेशला भडभडून आलं. ताट उचलताना त्याने मुद्दाम तिचा हात धरला. हात ऊन होता. जरा जास्तच ऊन, किटलीच्या पोटासारखा. पण जिवंत माणसाचा हात ऊनच असतो, असं त्याने स्वतःला सांगितलं.

गुरुवारी तो घरीच राहिला. सकाळपासून कांताच्या मागे मागे होता. त्याने कपाट पुसायला काढलं, दोन कप जवळजवळ हातून निसटले, तरी तिने एक टोमणा मारला नाही. एवढ्या वर्षांत असा दिवस गेला नव्हता. चारला दहा मिनिटं असताना ती म्हणाली, तुम्ही बसा, चहा टाकते. नरेश टेबलाशी बसला. तिच्या समोरच्या खुर्चीत, पहिल्यांदाच.

आत पाणी उकळू लागलं. तेवढ्यात फोन वाजला. नंबर अनोळखी होता. पलीकडून चंदाबाईंचा आवाज आला, दबलेला.

"भाऊ... तुह्या घरवालीले घ्यायले ये."

"कोनाले?"

"काल तू गेला अन् तुह्या मांगूनच पायी पायी आली. म्या म्हनलं तूच सोडून गेला. आंगनात बसून आहे कालपासून. चाय देल्ली तर पेत नाही. म्हनते, प्याली तर मले वापस जाता येनार नाही... शेजाऱ्याचा फोन आता भेटला, बापू."

स्वयंपाकघरात चमचा फिरत होता. साखर विरघळेपर्यंत, सावकाश, गोल गोल.

"कांता घरीच आहे," तो कसाबसा म्हणाला.

पलीकडे फोन कोणाच्या तरी हातात गेला. श्वास ऐकू आला. मग थकलेला, घसा कोरडा पडलेला आवाज, जो तो अठ्ठावीस वर्षं ऐकत आला होता.

"अहो... लवकर या. चार वाजून राहिले. ह्या चंदाबाई आता पुन्हा चाय इचारतीन, अन् मले लई तहान लागली आहे..."

चमचा थांबला. पावलं जवळ आली. ट्रे टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला, दोन कप, दोन बश्या. नरेशने मान वर केली नाही. त्याला फक्त तिचे हात दिसत होते. कांताचेच हात, कांताच्याच बांगड्या. त्या हातांनी किटली उचलली आणि एक थेंबही न सांडता आधी त्याचा कप भरला. मग स्वतःचा. समोरची खुर्ची मागे सरकली.

कानाशी फोन अजून बोलत होता. "अहो... ऐकून राहिले ना?"

समोरचीने कप दोन्ही हातांनी उचलला, फुंकर घातली, आणि अगदी हळू, समजूत घालावी तशी म्हणाली,

"तिले सांगून द्या... राँग नंबर आहे."