धुऊ नये

या, पायरीवरच बसा. रेकॉर्डी मांडीवर ठेवा, आज आत नेत नाही. कशाने धुवायच्या एवढंच विचारायला आलात ना? सांगते. पण मग पुढचंही ऐका, एकटीने इथे बसवत नाहीये.

नुसती धूळ असेल तर मऊ ब्रश पुरे. बोटांचा तेलकटपणा असेल तर डिस्टिल्ड पाणी, थेंबभर साबण आणि खाचांतलं पाणी ओढून घेणारं मशीन. नळाच्या पाण्याने धुणाऱ्याला मी दारात उभं करत नाही. आणि सगळं करून थकलात की सुताराचा पांढरा गोंद. तो रेकॉर्डवर ओतायचा, वाळू द्यायचा आणि सालीसारखा सोलायचा. मळ मुळासकट निघतो. हे सगळं आमच्या ह्यांनी शिकवलं. बत्तीस वर्षं हे आतल्या खोलीत रेकॉर्डी धुवायचे आणि मी पुढे गिऱ्हाइकांशी भांडायचे.

शेवटचे अकरा महिने हे माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. आजार छातीचा होता, जिभेचा नव्हता. एका सकाळी आतल्या खोलीच्या दारावर चिठ्ठी लावली, ‘आत येऊ नकोस’, आणि तोंडाला कुलूप. मी रडले, भांडले, शेवटी पायसुद्धा धरले. माणूस गेला तो तसाच गेला. लोक माझं सांत्वन करायला यायचे. मला दुःख कुठलं हो, संताप होता. माझं काय चुकलं एवढं सांगून जायला काय झालं होतं?

गेल्या महिन्यात वन्सं आल्या. ह्यांची धाकटी बहीण. आमचं सख्य विळ्या-भोपळ्याचं, त्यामुळे पाणीही न विचारता मी म्हटलं, “काय काम काढलंत?”

त्यांनी पिशवीतून एक रेकॉर्ड काढली. “दादाने दिली होती. जायच्या आठ दिवस आधी. स्वतःच कोऱ्या तबकडीवर आवाज कोरून.”

“आणि वर्षभर त्यावर बसून राहिलात?”

“तुम्हाला द्यायची नाही म्हणाला होता. तिच्या हाती पडली तर धुतल्याशिवाय राहायची नाही, म्हणाला.”

“मग आज बरी आणलीत.”

वन्सं खाली बघत म्हणाल्या, “मला त्याचा आवाज आठवेनासा झालाय.”

कव्हरवर ह्यांच्या अक्षरात दोनच शब्द होते. धुऊ नये. आतली रेकॉर्ड काळीकुट्ट. तेलात कालवलेली काजळी, खाचाखाचांतून गोल, एकसारखी बसलेली. धूळ अशी बसत नाही. अशी काजळी कुणीतरी ब्रशने भरावी लागते, आणि असा हात मी एकाच माणसाचा पाहिलाय. हे मला दिसलं, बरं का. पण आम्हा धुणाऱ्यांची खोडच वाईट. मळ दिसला की तो का आहे हे विचारायच्या आधी हात पाण्यात.

ह्यांच्या मागे त्या खोलीत मी एकटीच काम करत आले. बोलणार कुणाशी, मशीनशी? त्या दिवशी पहिल्यांदा तिथे दोन माणसं बोलली. बोलली कसली, कचाकचा भांडली. वन्संचं म्हणणं, थेट गोंदच लावा. मी म्हटलं, आधी ब्रश, मग मशीन, गोंद शेवटी.

“दादालाही असंच शिकवायचात तुम्ही.”

“आणि तुम्ही त्यांचे कान भरायचात.”

ब्रशने एकदा धुतली आणि सुई टेकवली. नुसती खरखर. मग त्या खरखरीच्या खाली ह्यांचा खोकला. वन्संनी माझं मनगट धरलं. मी सुई उचलली. खोली गप्प झाली, आणि कपाटामागून कुणीतरी खोकलं.

“शेजारी असेल,” मी म्हटलं. शेजारी बंद गोदाम आहे, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

मशीनने धुतल्यावर एक शब्द निघाला. “ऐक...” मी सुई उचलली. ओल्या काजळीचा वास खोलीभर झाला होता. कपाटामागून आवाज आला, “ऐ... अक... ऐक.” लहान मूल नवा शब्द तोंडात घोळवतं तसा.

“वहिनी...” वन्सं दाराकडे सरकल्या. “राहू द्या. नका धुऊ...”

“आता नाही. त्यांनी मला का टाकलं ते मला कळलंच पाहिजे.”

मी गोंद ओतला. वाळायला चार तास लागले. भर दुपार, पंखा फिरतोय, गोंदाचा आंबूस वास, आणि आम्ही दोघी दोन टोकांना. भीती वाटत होती म्हणून आम्ही आणखी मोठ्याने भांडलो. लग्नापासूनचं सगळं उकरून काढलं. वन्संच्या तोंडून मी ऐकलं नाही असं काही उरलं नाही, आणि माझ्याही.

मग मी गोंद सोलला. अख्खी काळी साल हातात आली आणि रेकॉर्ड नव्यासारखी चमकली. सुई टेकवली. खरखर नाही, काही नाही. हे शेजारी बसून बोलावेत इतकं स्वच्छ.

“ऐक. मी तुझ्यावर रागावलेलो नाही. या खोलीत जो बोलतो, त्याचा आवाज कुणीतरी शिकतं. माझा त्याला जवळजवळ आलाय. तुझा अजून नाही. मी एक शब्द बोललो की तू भांडायला आत येतेस, म्हणून मी गप्प आहे. लिहून सांगितलं असतं तर तू त्याच्याशीही भांडायला आली असतीस. आवाज आला, की ते त्या आवाजात माणसांना बोलावून घेतं... हेसुद्धा मी बोलायला नको होतं. हे बुजवून टाकतो.”

मी ढसाढसा रडले. अकरा महिने मी ज्या माणसाला शिव्या दिल्या, तो मला जपत होता.

रेकॉर्ड थांबली. मग कपाटामागून ते सगळं पुन्हा आलं, ह्यांच्या आवाजात, एक अक्षर न चुकता. आणि ते संपल्यावर अगदी माझ्या आवाजात, “आणि तुम्ही त्यांचे कान भरायचात.”

आम्ही पळालो. खोलीला मी बाहेरून कडी घातली, आणि तेव्हापासून तिकडे फिरकले नाही.

आज सकाळी वन्संचा फोन आला. “वहिनी, काल किती गोड बोललात हो. इतकी वर्षं वाट पाहिली मी याची. अकरापर्यंत येतेच.”

मी काल फोन केलाच नव्हता. दुकानाचा जुना फोन त्या बंद खोलीतच राहिलाय. “येऊ नका,” मी ओरडले. “ती मी नव्हते. वन्सं, येऊ नका.”

त्या हसल्या. “अहो, एका तोंडाने या म्हणताय, एका तोंडाने येऊ नका. बरं, निघालेच.”

दोन आवाजांतला गोड तेवढा त्यांनी खरा धरला. मी त्यांच्याशी जन्मात कधी गोड बोलले असते, तर ही वेळ आली नसती. दोष माझाच आहे.

म्हणून साडेनऊपासून इथे बसलेय, त्यांना दारातच अडवायला. आता बारा वाजून गेले. आणि मघाशी माझ्या डोक्यात आलं की त्यांचं हे माहेर. त्या पुढच्या दाराने कशाला येतील? मागच्या दाराने सरळ त्या आतल्या खोलीत जातात.

अकरापासून आत गप्पा चालल्यात. तुम्हालाही ऐकू येतच असतील, मघापासून मान वळवताय. एक माझा आवाज. दुसरा वन्संचा. त्याला आम्हा दोघींचे आवाज येतात, तेव्हा आत कुणीच नसेल, असं मी मनाला समजावत बसलेय.

तुम्ही आहात तोवर एकदा वन्संना फोन लावते. थांबा...

वाजतोय. आत वाजतोय, ऐकलंत? दोघी बोलतायत, हसतायत, आणि फोन कुणीच उचलत नाही.